नोंदवहीतली ती ओळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तू मधेच हसतोस आणि मी विषय बदलतो, हे दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहितोय. लांब होणार आहे, सवडीनं वाच.

पाणी आणि सांडपाणीवाल्यांच्या विभागीय परिषदेला जाऊन आलो. तीन दिवस. निघायच्या आधी तू म्हणाला होतास, "गळ्यात बिल्ला अडकवून फिरशील आणि फुकटची पिशवी घेऊन येशील." दोन्ही झालं. पिशवीत तीन पेनं, पंपांची सात माहितीपत्रकं आणि व्हॉल्व्हच्या आकाराची एक किल्लीसाखळी आहे. पण त्याशिवाय तिथे मी एक गोष्ट करून आलोय. त्यात तूही आहेस, म्हणून ती दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जायला नको. तिच्याकडे येतो.

पहिला दिवस प्रदर्शनात गेला. दारातच एक सबमर्सिबल पंप अर्धा कापून उघडा मांडलेला, आतला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, लालभडक रंगवलेला. आपण दोघांनी आयुष्यात जेवढे इम्पेलर पाहिले ते सगळे चिंध्यांनी गुंडाळलेले, त्यामुळे मी जरा वेळ बघतच राहिलो. विक्रेत्या पोरानं पुढे येऊन काचेच्या टाकीत एक वेट वाइप सोडला आणि तो पंपातून कसा सुटसुटीत पार जातो ते दाखवलं. मी म्हटलं, बाबा रे, ते एकेकटे येत नाहीत, येताना वेणी घालून येतात. तो हसला, पण दुसरा वाइप काही टाकला नाही.

गळती शोधणाऱ्या यंत्रांपुढे मात्र मी चांगला तासभर रेंगाळलो. नळाला दोन टोकांना दोन सेन्सर लावायचे, गळतीचा आवाज कोणाकडे किती आधी पोचतो ते मोजायचं, आणि त्या फरकावरून गळतीची जागा काढायची. तत्त्व जुनंच आहे, आता ते हातात मावतं एवढंच. तिथल्या माणसानं मुद्दाम एक गंमत करून दाखवली. नळ प्लास्टिकचा होता, पण त्यानं यंत्राला लोखंडी म्हणून सांगितलं. लोखंडात आवाज सेकंदाला हजार मीटरच्या वर धावतो, प्लास्टिकमध्ये त्याच्या निम्म्यानंही नाही. यंत्रानं जराही न कचरता भलत्याच जागी बोट ठेवलं. "जुन्या नकाशावर कोणीतरी अंदाजानं लिहिलेलं असतं," तो म्हणाला, "आणि मग आम्ही रस्ता खणतो." हे वाक्य मी त्या वेळी नुसतं ऐकून सोडून दिलं. पुढे ते मला चांगलंच बोचणार होतं.

संध्याकाळी पाण्याच्या चवीची स्पर्धा. वेगवेगळ्या योजनांचं पाणी एकाच तापमानाला आणून, एकसारख्या ग्लासांत, वर फक्त क्रमांक. परीक्षक आधी हुंगतात, मग घोट घेतात. एका ग्लासाला दोघांनी एकदम नाक मुरडलं. जिओस्मिन. पहिल्या पावसानंतर मातीला येतो ना, तोच वास. लिटरमागे दहा नॅनोग्रॅमच्या आसपास असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. पाणी पिण्याला निर्धोक असतं, पण लोकांना ते पटवून दाखव बघू. ज्यांचं पाणी होतं ते शेजारीच उभे होते, हाताची घडी घालून.

भाषणांबद्दल फार लिहीत नाही. निम्मे लोक पडद्यावरचं वाचून दाखवतात, आणि ते तर आपल्यालाही वाचता येतं. दोन भाषणं मात्र डोक्यातून जाईनात.

पहिलं ॲक्टिव्हेटेड स्लजच्या इतिहासावर, म्हणजे हवा देऊन जीवाणूंच्या गाळाकडून सांडपाणी साफ करून घ्यायची आपली रोजची रीत. तू म्हणशील, त्यात नवीन काय. मलाही तसंच वाटलं होतं. १९१२ साली गिल्बर्ट फाउलर हा मँचेस्टरचा रसायनज्ञ अमेरिकेत लॉरेन्सच्या प्रयोगकेंद्रात गेला आणि तिथे सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग पाहून परतला. मग त्याच्या हाताखाली एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मँचेस्टरला बाटल्या मांडल्या. नुसती हवा सोडून पूर्ण नायट्रिफिकेशन, म्हणजे जीवाणूंकडून सगळ्या अमोनियाचं नायट्रेट, व्हायला पहिल्यांदा पाच आठवडे लागले. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचं पाणी ओतून दिलं, खाली बसलेला गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवीन सांडपाणी घातलं. असं पुन्हा पुन्हा. आठवडे आक्रसत आक्रसत तासांवर आले. तोवर सगळे जो गाळ घाण म्हणून फेकत होते, काम तोच करत होता. आणि ३ एप्रिल १९१४ ला मँचेस्टरच्या एका हॉटेलात, धंद्यातल्या माणसांच्या अशाच एका बैठकीत, त्यांनी हे वाचून दाखवलं. म्हणजे बघ, एक माणूस दुसऱ्याचं काम बघायला गेला, आणि दोघांनी चारचौघांत उभं राहून सांगितलं, त्यातून आपलं पोटपाणी उभं राहिलं. बिल्ले तेव्हाही असतील का रे?

दुसरं भाषण वॉकर्टनवर. कॅनडातलं ऑन्टारिओमधलं लहानसं गाव. मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला, शेतातलं शेणखत एका उथळ विहिरीत उतरलं आणि ई. कोलाय हा जीवाणू नळातून घराघरांत गेला. सात माणसं दगावली, २३०० च्या वर आजारी पडली. एवढं आपल्याला माहीत होतं. माहीत नव्हतं, किंवा वाचूनही मनावर घेतलं नव्हतं, ते पुढचं. तिथले कामगार रोजच्या तक्त्यात क्लोरीनचं प्रमाण न मोजताच लिहीत होते. ०.५ किंवा ०.७५, आलटून पालटून, वर्षानुवर्षं. पुढे चौकशीत निघालं की प्रमाण सतत मोजणारं साधं उपकरण त्या विहिरीवर असतं, तर ही साथ टळली असती. वक्त्यानं तशा आकड्यांचा एक तक्ता पडद्यावर लावला आणि काही न बोलता थोडा वेळ तसाच राहू दिला. ०.५, ०.७५, ०.५, ०.५. सरळ, सुबक, एका हातानं भरलेले आकडे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. माझे कान तापले. कुठली नोंदवही आठवली ते तुला सांगायला नको.

दुसऱ्या रात्री कार्यक्रमपत्रिकेत शेवटी बारीक अक्षरात एक बैठक होती, "काय चुकलं" नावाची. मंच नाही, पडदा नाही, खुर्च्या गोलात. प्लांटचं नाव घ्यायचं नाही, कोणी काही लिहून घ्यायचं नाही आणि फक्त स्वतःची चूक सांगायची, दुसऱ्याची नाही, एवढेच नियम. शेवटचा नियम निम्म्या लोकांना जड गेला. साहेब मंडळी आधी वळून वळून बोलत होती. मग एकानं सांगितलं की त्यानं बदललेला व्हॉल्व्ह उलट्या फेऱ्यांचा होता, आणि दीड वर्ष सगळे त्याला उघडताना बंद करत होते आणि बंद करताना उघडत. सगळे खो खो हसले आणि गाठ सुटली. दुसऱ्यानं घाईत व्हॉल्व्ह मिटवला होता. सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी झटक्यात थांबलं तर लोखंडी नळात १०० मीटर उंच पाण्याइतका जादा दाब उसळतो, हे त्याला पाठ होतं. परीक्षेत त्यानं ते लिहिलंही होतं. नळ पहाटे फुटला.

एक जण मॅनहोलबद्दल बोलला. सहकारी उतरला, पडला, आणि हा त्याच्यामागे उतरणार तेवढ्यात कोणीतरी याची कॉलर धरली. सडक्या अंड्यांचा वास येतोय तोवर विषारी वायू आहे हे कळतं. तो वाढला की नाकच बधिर होतं, आणि माणसाला वाटतं की वास गेला, म्हणजे हवा चांगली झाली. वायू मोजायचं यंत्र गाडीत होतं, त्यांनी उतरवलंच नव्हतं. त्याच्या बोलण्यानंतर कोणीच काही बोललं नाही.

आणि त्या शांततेत मी हात वर केला. का केला ते मलाही नीट सांगता येत नाही.

मी आपली ती उन्हाळ्यातली रात्रपाळी सांगितली. आपण दोघे शिकाऊ, वरिष्ठ जागेवर नाहीत, आणि क्लॅरिफायरच्या, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीच्या, तळाशी बसलेला गाळ ढेकळांसारखा वर येऊन वेअरवरून, टाकीच्या कडेवरून, बाहेर चाललाय. आपण नुकतंच कुठेतरी तंतूसारख्या जीवाणूंबद्दल वाचलेलं, ते माजले की गाळ फुगतो आणि नीट बसत नाही, त्याला बल्किंग म्हणतात. झालं, बल्किंग! आणि परतीच्या गाळात, म्हणजे तळातून हवेच्या टाकीकडे परत जाणाऱ्या गाळात, जीवाणू मारायला क्लोरीन सोडला. सकाळी फरक दिसेना म्हणून आणखी सोडला. दोनतीन दिवसांत गाळ वर यायचा थांबला आणि आपली पाठ थोपटली गेली. मग अमोनिया वाढला, पाणी गढूळ जायला लागलं, ते आठवडेच्या आठवडे. क्लोरीनची नोंद आपण केली नव्हती. नोंदवहीत एकच ओळ होती: "आवक सांडपाण्यात बदल झाल्याने अमोनिया वाढला आहे." त्या ओळीवर विसंबून वरच्या बाजूच्या एका लहान कारखान्याच्या दारात महिनाभर नमुने घेणारी माणसं उभी होती. त्याचा मालक एकदा आपल्या ऑफिसात येऊन हात जोडून सांगून गेला होता की आम्ही काही सोडलेलं नाही. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास. मी कुठे बघत होतो ते आठवत नाही.

मला वाटलं होतं, आता नोंदवहीबद्दल बोलणी खावी लागणार. पण समोर एक बाई बसल्या होत्या, छोट्या प्लांटवर एकट्यानं पाळी काढणाऱ्या. त्यांनी वेगळंच विचारलं. "जारमध्ये गाळ बसत होता का?"

मी म्हटलं, अर्ध्या तासात चांगला बसत होता. स्वच्छ बसत होता.

"आणि जार तसाच ठेवला असता तर?"

आपण ठेवलाच नव्हता रे. अर्ध्या तासाचा आकडा लिहिला आणि ओतून दिला. दोन तास ठेवला असता तर तोच गाळ बुडबुड्यांसकट वर आला असता. ते बल्किंग नव्हतंच. बल्किंगमध्ये गाळ मुळात नीट बसतच नाही. आपला बसत होता, आणि बसून राहिल्यावर तळाशी ऑक्सिजन संपून नायट्रेटचा नायट्रोजन होत होता, आणि तो वायू गाळाला उचलून वर आणत होता. परतीचा पंप जरा वाढवला असता, गाळ तळाशी कमी वेळ ठेवला असता, तर बहुधा त्याच रात्री मिटलं असतं.

"मग क्लोरीननं थांबलं कसं?" मी विचारलं. हाच तर माझा एवढ्या वर्षांचा पुरावा होता.

बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "नायट्रेट तयार करणारेच तुम्ही मारून टाकलेत. नायट्रेट नाही तर वायू नाही. अमोनिया म्हणूनच वाढला."

आजार म्हशीला आणि औषध पखालीला! वर पखाल बरी झाली म्हणून शाबासकीही घेतली. नायट्रिफिकेशन करणारे जीवाणू सावकाश वाढतात, त्यांना पुन्हा जम बसवायला आठवडे लागतात. म्हणजे कारखान्याच्या दारात माणसं उभी होती तो सगळा काळ आपलेच जीवाणू परत वाढत होते. आणि मी हा उपाय नंतर दोन ठिकाणी पोरांना शिकवलाय, छातीठोकपणे. त्यांतल्या एकाचा नंबर माझ्याकडे आहे. काल त्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, मी ते कधीच वापरलं नाही, मला तेव्हाच पटलं नव्हतं." तेव्हाच का बोलला नाहीस, असं विचारणार होतो. नाही विचारलं.

नोंदवहीबद्दल त्या बाई शेवटी एवढंच म्हणाल्या, की क्लोरीनचा आकडा लिहिला असता तर दुसऱ्या दिवशी कोणाच्याही लक्षात आलं असतं. आवाजात रागही नव्हता, उपदेशही नव्हता. पंपाचं बेअरिंग गेलंय हे सांगावं तसं.

तिसऱ्या दिवशी समारोपाची भाषणं सोडून मी बाहेर अंगणात नळाला छेद देण्याची स्पर्धा बघत बसलो. चौघांच्या तुकड्या, दाबाखालचा नळ, भिजलेले कपडे, आणि सेकंदांसाठी आरडाओरडा. त्या बाईंची तुकडी शेवटून दुसरी आली. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

तुझं नाव मी घेतलं नाही. "आम्ही दोघे" एवढंच म्हटलं, आणि ओळ मी लिहिली असं सांगितलं. पण परतीच्या प्रवासात एक गोष्ट डोक्यात आली, ती तेव्हापासून जात नाही. "आवक" हा शब्द मी कधी लिहायचोच नाही. मी "येणारं पाणी" लिहायचो आणि त्यावरून तू माझी टिंगल करायचास. म्हणजे ती ओळ तुझी? की तू सांगितलीस आणि मी उतरवली? आता कोणाला दोष द्यायचा म्हणून विचारत नाही. मी त्या खोलीत शपथेवर सांगितल्यासारखं सांगून आलो, आणि तीही न मोजता केलेली नोंद ठरायला नको.

तुला आठवत असेल तसं लिही. फोन नको, लिहूनच कळव. त्या कारखान्याचं नाव आठवत असेल तर तेही लिही. मालक अजून असतील तर मला एकदा जाऊन यायचंय. येणार असशील तर दोघे जाऊ.

पिशवी तुझ्यासाठी ठेवली आहे.

तुझा,
जुना पाळीसोबती