अनोळखी नंबर उचलावाच लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीची बातमी आली की खाली एक ओळ हमखास असते : अनोळखी नंबरवरून आलेला फोन उचलू नका. नोकरदाराला हा सल्ला ठीक आहे. माझं सांगलीत वखारभागात मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारीत तार नव्याने भरून द्यायचं दुकान आहे. उन्हाळा लागला की तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागातल्या विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी जळायला लागतात, आणि शेतकरी विहिरीवरून कधी गड्याच्या, कधी टेम्पोवाल्याच्या मोबाइलवरून फोन करतो. खरड छाटणी झालेल्या द्राक्षबागेचं पाणी थांबलं की त्याच्या जिवाला घोर लागलेला असतो. मी फोन उचलला नाही तर तो दुसरं दुकान गाठणार. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या रिंगला फोन घेतात. नेमकं हेच हेरून छोट्या दुकानदारांना लुबाडणं चालू आहे, म्हणून हे पत्र.

मागच्या उन्हाळ्यात मी स्टार्टर बसवायला बाहेरगावी गेलो होतो. दुकानातल्या पोराने फोन घेतला. बाईंचा आवाज गोड, बोलणं अदबीचं. दुकानाचं नाव हेच ना? पत्ता वखारभाग ना? मालकांचा नंबर हाच ना? पोरगं प्रत्येकाला "व्हय" म्हणालं आणि कामाला लागलं. पंधरा दिवसांनी माझ्या व्हॉट्सॲपवर बिल. "व्यापारी डिरेक्टरीतील वार्षिक जाहिरात, नूतनीकरण", ८,००० रुपये, त्यावर जीएसटी १,४४०, एकूण ९,४४०.

यातला "नूतनीकरण" हा शब्द विचार करून घातलेला असतो. नवी जाहिरात म्हटली तर कोणीही नको म्हणेल. नूतनीकरण म्हटलं की माणूस चाचपडतो, गेल्या वर्षी आपण घेतली होती का, मुलाने घेतली असेल का. मीही जुन्या बिलांची फाइल काढून बसलो. तासभर गेला. काही सापडलं नाही, कारण काही नव्हतंच.

मी नकार कळवल्यावर दुसऱ्या माणसाचे फोन सुरू झाले. हा "वसुली विभाग". सकाळी सात, दुपारी जेवताना, रात्री साडेनऊ. सिबिल, म्हणजे कर्ज देताना बघतात ती परतफेडीची नोंद, खराब करू, नोटीस काढू, पोलीस दुकानात येतील, बाजारात नाव थकबाकीदार म्हणून फिरवू. एकदा घरच्यांच्या मोबाइलवर फोन गेला आणि त्या रात्री घरात कोणाला नीट झोप लागली नाही.

"आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे" असं तो वरचेवर म्हणायचा. शेवटी मी म्हणालो, ऐकवा. त्याने ऐकवलं. "वर्षभर जाहिरात चालू ठेवायची ना?" आणि पोराचा आवाज, "व्हय." पोरगं तिथेच उभं होतं, रडकुंडीला आलं. "काका, असं इचारलंच न्हाई." मी पुन्हा लावायला सांगितलं. तीस वर्षं मी आवाजावरून मोटारीचं बेअरिंग ओळखतोय. नाव आणि पत्त्याच्या "व्हय"मागे आमची टेस्टिंगला लावलेली थ्री फेज मोटार घूं घूं करत होती. लगेच पुढच्या, जाहिरातीच्या "व्हय"मागे चिडीचूप. तो दुसरीकडचा "व्हय" कापून तिथे आणून चिकटवला होता. मी तसं बोलून दाखवल्यावर त्याने शिवी दिली आणि फोन ठेवला.

मग बिल नीट बघितलं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, हे आम्हाला रोजच्या बिलांमुळे पाठ आहे. त्या बिलावरचा क्रमांक बोट ठेवून मोजला. १४ भरले. ओळखीच्या वकिलांच्या सांगण्यावरून बिलावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने दोन ओळी पाठवल्या : आपल्यात करार झालेला नाही, झाला म्हणत असाल तर सहीचा कागद दाखवा. पाकीट "पत्ता अपूर्ण" असा शेरा घेऊन परत आलं. ते न फोडता मी तसंच ठेवलं आहे.

मी वाचलो, पण आमच्या ओळीतल्या शिलाईकाम करणाऱ्या ताईंनी साडेचार हजार भरले, तेही भिशीचे. का भरले विचारलं तर म्हणाल्या, "दादा, दारात कोणी आलं असतं आणि गिऱ्हाइकासमोर पैसे मागितले असते तर?" तीन महिन्यांनी त्यांना दुसऱ्या नावाने फोन आला. एकदा पैसे सुटले की नंबर पुढे विकला जातो, असं माझं मत आहे. मला राग येतो तो इथे. छोट्या दुकानदाराकडे भांडवल थोडं, सगळा धंदा बाजारातल्या पत-भरवशावर. तांब्याची तार मला उधार मिळते ती पतीवर. २०१९ च्या महापुरानंतर मशिन उघडून वाळवताना व्यापाऱ्यांनी मला माल दिला तो पतीवरच. या लोकांनी तीच पत ओलीस धरायची ठरवली आहे.

धमक्यांत दम किती, हेही सगळ्यांना कळायला हवं. सिबिलला माहिती जाते ती बँका, पतपुरवठा कंपन्या अशा कर्ज देणाऱ्या संस्थांकडून. कुठल्याही जाहिरातवाल्याला मनात आलं म्हणून तिथे नाव घालता येत नाही. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. बिलाचा वाद दिवाणी असतो, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. १८७२ च्या करार कायद्यात संमती राजीखुशीची लागते, फसवून घेतलेली असेल तर करार रद्द करता येतो. आणि खऱ्या कर्जाच्या वसुलीसाठीसुद्धा सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलेलं आहे. इथे तर कर्जच नव्हतं.

तक्रारीचा मात्र मला वाईट अनुभव आला. पोलीस ठाण्यात गेलो तर "पैसे गेले नाहीत ना, मग कशाला?" असं ऐकावं लागलं. पैसे जाण्याआधीच माणूस आला तर त्याचं म्हणणं लिहून घ्यायला नको का? पुढे मुलाने शोधून काढलं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. नुसता फसवा फोन किंवा मेसेज असेल तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तक्रारीसाठी "चक्षू" नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे. जाहिरातीचा फोन साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला तर १९०९ ला तक्रार. शिवाय पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्याला २०१९ चा ग्राहक कायदा ग्राहक मानतो, त्यामुळे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनलाही विचारता येतं. यातलं काहीही आमच्या ओळीत कोणाला माहीत नव्हतं.

आमच्या दुकानात आता फोनशेजारी भिंतीवर पुठ्ठा आहे. जाहिरात, नूतनीकरण, थकीत बिल यातला एक शब्द जरी आला तरी पोराने एवढंच म्हणायचं : "लिहून पाठवा, मालक बघतील." नाव-पत्ता विचारला तर "आधी तुमचा सांगा." गूगलच्या नकाशावरून दुकान काढून टाकू, असंही कोणी म्हणतं, तिथे नाव ठेवायला पैसे लागत नाहीत, हेही त्या पुठ्ठ्यावर लिहिलं आहे. शेजारी खिळ्याला वही टांगली आहे. तारीख, वेळ, नंबर, काय बोलले. आतापर्यंत एकोणीस नोंदी झाल्या.

माझी मागणी मोठी नाही. गणपती पेठ, मारुती रोड, मार्केट यार्ड, कुपवाड इथल्या व्यापारी संघटनांनी अशीच एक वही ठेवावी आणि दर महिन्याला सगळे नंबर एकत्र करून सायबर पोलिसांकडे द्यावेत. एकट्यादुकट्याच्या तक्रारीला वजन येत नाही. आणि ज्यांनी पैसे भरले, त्यांना कोणी हसू नये. ताई अजून घरात सांगायला घाबरतात. त्यांच्याबरोबर तक्रार द्यायला मी येत्या सोमवारी जाणार आहे, वही आणि ते न फोडलेलं पाकीट घेऊन. ज्यांना असे फोन आलेत, त्यांनी त्याआधी दुकानात येऊन आपल्या नोंदी वहीत लिहाव्यात.

आपला,
एक मोटार रिवायंडिंग व्यावसायिक,
वखारभाग, सांगली