केबल बदलण्याआधी काउंटर पाहा

मा. संपादक, स. न. वि. वि.

‘सर्व्हर स्लो आहे, जरा बसा’ हे वाक्य पेठांमधल्या पतसंस्थांच्या खातेदारांना, विशेषतः मार्चअखेरीस, पाठ झाले असेल. अशाच एका पतसंस्थेची संगणकव्यवस्था मी सांभाळतो आणि हे वाक्य मीही पुष्कळदा उच्चारले आहे. म्हणून यंदा त्यामागे सापडलेले कारण कळवीत आहे.

आमचा खात्यांचा डेटाबेस आणि खिडकीवरचे सॉफ्टवेअर ही दोन व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) एकाच सर्व्हरवर चालतात. दुपारी दिवसअखेरचे अहवाल निघू लागले की पासबुक छापता छापता प्रिंटर मध्येच थांबत असे. देखभालीच्या कंत्राटदाराने आधी केबल बदलली, मग नेटवर्कचा स्विच बदलला आणि शेवटी इंटरनेटचा वेग वाढवून घ्यायला सांगितले. बिले अर्थातच वेळेवर आली. वास्तविक एकाच सर्व्हरवरच्या या दोन मशीनमधली पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, त्या केबलला शिवतही नव्हती, हे ध्यानात यायला मलाही दोन आठवडे लागले.

पिंग करून, म्हणजे जोडणी तपासणारी पॅकेट पाठवून, पाहिले तर एकही पॅकेट गळत नव्हते, कारण पिंग सेकंदाला एकच पॅकेट पाठवतो, अहवाल मात्र हजारो एकदम ढकलतो. आलेली पॅकेट ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) ज्या रिंग बफरमधून, म्हणजे तात्पुरत्या रांगेतून, उचलतो, त्यात आमच्याकडे 256 जागा होत्या. पूर्ण आकाराची पॅकेट 1 गिगाबिट वेगाने आली तरी एवढ्या जागा सुमारे 3 मिलिसेकंदांत भरतात आणि तेवढ्यात मशीनला प्रोसेसरची पाळी मिळाली नाही, तर पुढचे पॅकेट सरळ टाकून दिले जाते. पोच न आल्यास लिनक्स ही मशीनवरची कार्यप्रणाली ते पुन्हा पाठवण्याआधी अनेकदा 200 मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक थांबते. असे थांबे साठत गेले की खातेदाराला बसावे लागते.

लिनक्सच्या ‘इथटूल’ या आज्ञेने ड्रायव्हरचे काउंटर, म्हणजे पॅकेटच्या मोजणीचे आकडे, काढले, तेव्हा अहवाल चालू असताना टाकलेल्या पॅकेटचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. त्याच आज्ञेने रिंग 4096 केली; त्या वेळी जोडणी क्षणभर तुटू शकते, म्हणून हे काम संस्था बंद झाल्यावर केले आणि रीबूटनंतर बदल पुसला जाऊ नये यासाठी तो नेटवर्कच्या सेटिंगमध्येही लिहून ठेवला. तरीही थोडी गळती उरलीच. त्याच सर्व्हरवर कुणीतरी चाचणीसाठी सुरू करून विसरलेली तीन मशीन बंद केली, तेव्हा गळती थांबली; प्रोसेसरची पाळीच मिळत नसेल, तर नुसती रिंग वाढवून भागत नाही. या साऱ्याला खर्च आला नाही.

सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांना विनंती आहे की, नवे साहित्य सुचवण्याआधी कंत्राटदाराने दोन्ही मशीनच्या ड्रायव्हरचे काउंटर लेखी द्यावेत, अशी अट देखभाल करारात घालावी. ते तक्रारीच्या वेळीच घेतलेले असावेत, कारण दुपारी 4 च्या तक्रारीला सकाळी 10 चा आकडा कामाचा नसतो.

आपला,
एक संगणक व्यवस्थापक, नारायण पेठ, पुणे