ट्रॉलीच्या ब्रेकची तपासणी कळमन्यातच व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आंबिया बहारात आमची संत्री ट्रॅक्टर-ट्रॉलीत घेऊन मुलगा कळमेश्वरहून नागपूरच्या कळमना बाजारात निघाला होता. मी मोटरसायकलवर मागे होतो. रिंग रोडवरच्या पुलाच्या उतारावर पुढची एक स्कूटी अचानक थांबली. मुलाने ब्रेक दाबला. डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक एकदम लागावेत म्हणून दोन्ही ब्रेक पेडलना जोडणारी कडी लावलेली होती, तरी ट्रॅक्टरचं मागचं अंग डावीकडे सरकलं, कारण ट्रॉली थांबायला तयार नव्हती. कठड्यापासून हातभरावर ट्रॅक्टर थांबला. स्कूटीवरच्या ताईंना मागे काय झालं ते कळलंसुद्धा नाही. माझे पाय मात्र लटलट कापत होते.

त्या दिवशी वजनकाट्यावर मालासकट ट्रॉली साडेपाच टन भरली. आमचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आत. म्हणजे दोन टनांचे ब्रेक साडेसात टन थांबवत होते. त्यात वेग 20 चा 40 झाला की तेवढ्याच अंतरात थांबवायचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. उतारावर भरलेल्या बंडीचा भार बैलांच्या मानेवर येतो, हे माझे वडील जाणत होते. अशा जागी ते बंडीतून उतरायचे आणि कासरा धरून बैलांपुढे चालायचे. मी ट्रॅक्टर घेतला आणि हे विसरलो.

आमची दोन चाकी ट्रॉली 1998 सालची. एक्सल जुन्या ट्रकचा, त्यामुळे ड्रम होते, आत ड्रमला घासून चाक थांबवणारे ब्रेक शूही होते, पण त्यांना जोडलेलं काहीच नव्हतं. नागपूरजवळच्या वाडी गावच्या मिस्त्रीने चाकं खोलली तेव्हा एका बाजूचं ऑइल सील फाटलेलं, सगळं ग्रीस लायनरवर, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या पट्टीवर. ग्रीस प्यायलेला लायनर कितीही पुसला तरी पकडत नाही, तो बदलावाच लागतो. दुसऱ्या बाजूला लायनर झिजून रिबीट वर आले होते आणि त्यांनी ड्रमला खोल चरे पाडले होते. मी हवा मारून धूळ उडवायला गेलो तर मिस्त्रीने हात धरला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत जातं. ओल्या फडक्यानेच पुसायचं. चरे पडलेला ड्रम लेथवर घेण्याजोगा उरला नव्हता, म्हणून दोन्ही ड्रम जोडीने बदलले. व्हील सिलिंडर, पाइप, बेअरिंग, सील सगळं नवं.

मिस्त्री म्हणाला, ‘‘काका, ट्रॅक्टरले तर ब्रेक हायेत, पण ट्रॉलीले कोन थांबवते?’’ त्याने ट्रॉलीच्या दांड्याला सरकता हूक बसवला. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते, त्या रेट्यानेच ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर दाबला जातो आणि ट्रॉलीचे ब्रेक लागतात. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे ब्रेकही बसवता आले असते. पण आमची ट्रॉली शेजारीही नेतात आणि हा हूक कोणत्याही ट्रॅक्टरला चालतो.

त्याच्या अडचणीही सांगतो. रिव्हर्स घेताना हूक दाबला जाऊन ब्रेक लागतात, म्हणून अडकवायची पिन असते. पुढे निघताना ती काढायला विसरलात तर ब्रेक असून नसल्यासारखे. चढावर ट्रॉली मागे ओढते, तेव्हा हूक दाबलाच जात नाही. म्हणून हातब्रेकचा दांडा वेगळा बसवला आणि लाकडी ठोकळा कायम सोबत ठेवतो. हूक तुटला तर ट्रॉली सुटू नये म्हणून साखळीही लावली.

आधी रिकामी, मग अर्धी भरून मोकळ्या मैदानात पाहिली. चार-पाचदा थांबवून ड्रमजवळ हात नेला, तर एक गरम आणि दुसरा थंड. थंड बाजूच्या पाइपात हवा राहिली होती. ती काढल्यावर दोन्ही सारखे तापले. आठवड्याने नवे लायनर बसले तेव्हा ब्रेक पुन्हा कसून घेतले. एकूण खर्च 23,400 रुपये आला, नव्या टायरच्या जोडीपेक्षा कमी.

आता कापूस आणि संत्र्याचा हंगाम तोंडावर आहे. माझी परिवहन विभागाला आणि बाजार समितीला विनंती आहे की कळमन्याच्या आवारात हंगामाआधी दोन दिवस ट्रॉलीच्या ब्रेकची तपासणी ठेवावी. पहिल्या खेपेला दंड नको. काय बिघडलं आहे ते कागदावर लिहून द्यावं, दुरुस्तीला पंधरा दिवस द्यावेत आणि मग पुन्हा पाहावं. रस्त्यात अडवून पावती फाडली तर शेतकरी पुढच्या वेळी दुसऱ्या रस्त्याने जाईल, ब्रेक तसेच राहतील. मागचे लाल रिफ्लेक्टरही त्याच वेळी लावून घेता येतील.

अशी तपासणी ठरली तर मी माझी ट्रॉली घेऊन येईन. एक चाक खोलून आतलं सगळं दाखवायचीही माझी तयारी आहे, म्हणजे इतरांना आपल्या ट्रॉलीत काय पाहायचं ते कळेल.

आपला,
एक संत्रा उत्पादक शेतकरी,
ता. कळमेश्वर, जि. नागपूर