ताई, तुमची चिकटपट्टी संपली!

प्रिय ताई,

मी रडकुंडीला येऊन तुमच्यासमोर बसले होते, आठवतंय? चार वर्षांचं पोर दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतं आणि हातात मोबाइल दिला तरच घर शांत होतं, हे माझं रडगाणं. तुम्ही उपदेश केला नाहीत. बालवाडीच्या कपाटातून रंगीत चिकटपट्टी काढून दिलीत आणि म्हणालात, ‘त्याला बसवू नका, थांबायला शिकवा.’

त्यातला फरक मला तेव्हा कळला नव्हता.

त्याच संध्याकाळी गाणं लावलं. गाणं चालू तोवर नाच, बंद झालं की पुतळा. पहिल्या दिवशी साहेब आणखी चार गिरक्या घेऊन मगच थांबले. मग तुमचा उलटा खेळ: मी ‘डोकं’ म्हटलं की त्यानं पायाची बोटं धरायची, ‘बोटं’ म्हटलं की डोकं. वाटतो पोरखेळ, पण नियम लक्षात ठेवायचा, डोक्याकडे निघालेला हात आवरायचा आणि मग तोल सांभाळत वाकायचं, सगळं एका क्षणात. (मी किती वेळा हरले ते विचारू नका.) मुलांचा स्वतःवरचा ताबा जोखायला संशोधकही असाच खेळ वापरतात, हे तुमच्याकडूनच कळलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीत ३-४ वर्षांच्या मुलांसाठी रोज किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली ६० चांगली दमवणारी. आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला, तर तुम्ही हसलात. ‘सलग थोडीच? दिवसभरात मिळून.’

फरशीवर चिकटपट्टीची वाट मीच आखायची, हा हट्टही तुम्हीच सोडायला लावलात. त्यानं आखलेली वाट टेबलाखालून जाते, दोन उशा ओलांडते आणि उलटं चालत परत येते. मी चुकले की ओरडतो, ‘आई, आधी खालून, मग वरून!’ हेच आधी-मग, खाली-वर मी चित्रांच्या कार्डांवरून किती दिवस घोकून घेत होते!

मोबाइल अजून पूर्ण सुटलेला नाही, खोटं कशाला सांगू. पण परवा स्वयंपाकघरात दूध सांडलं होतं आणि हा धावत आला. मी ‘थांब’ म्हटलं. थांबला, ताई. एक पाय हवेत.

मनापासून आभार. चिकटपट्टीची नवी रिळं आणली आहेत, एक तुमच्या कपाटासाठी.

तुमची,
एका पुतळ्याची आई