पोटभर जेवणाने दारूची बाधा टळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्याच्या पुरवणीत यकृताच्या आरोग्यावर आलेला लेख वाचला. लेख एकूण उपयुक्त आहे. परंतु आहार सकस असेल तर मद्याचा यकृतावर फारसा परिणाम होत नाही, या आशयाचे जे विधान त्यात आहे ते चुकीचे आहे, आणि कोल्हापुरात ते विशेष घातक आहे. गंगावेशीतले धारोष्ण दूध, घरचे तूप आणि आठवड्याला मटणाचा रस्सा ज्यांच्या पोटात जातो, त्यांना 'खाऊन-पिऊन असलं की दारू बाधत नाही' हे वाक्य कुणी शिकवावे लागत नाही. मी अनेक वर्षे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले आहे, म्हणून हे पत्र.

या समजुतीला एके काळी विज्ञानाचाही आधार होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. इन्सुलिनच्या शोधातील एक मानकरी चार्ल्स बेस्ट यांनी १९४९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांवरून असे मत मांडले होते की, शुद्ध अल्कोहोल यकृताच्या पेशींना साखरेपेक्षा अधिक विषारी असल्याचा पुरावा नाही. हानी होते ती प्रथिने आणि कोलिन (यकृतातील चरबी बाहेर नेण्यास लागणारे पोषकद्रव्य) यांसारखे घटक कमी पडल्याने. त्या प्रयोगात अल्कोहोल पिण्याच्या पाण्यात मिसळलेले होते. उंदराला दारूची चव मुळातच नकोशी असते आणि त्याचे शरीर ती माणसापेक्षा वेगाने जाळते, त्यामुळे त्याच्या रक्तात ती पुरेशी टिकतच नव्हती.

ही अडचण अमेरिकेतील चार्ल्स लीबर आणि लिओनोर डीकार्ली यांनी १९६०च्या दशकात साध्या युक्तीने सोडवली. त्यांनी उंदरांचे सगळे खाद्यच द्रवरूप केले आणि त्यातील सुमारे ३६ टक्के उष्मांक अल्कोहोलमधून दिले, म्हणजे भूक भागवायची तर दारू टाळता येऊ नये. प्रत्येक उंदराला एक जोडीदार नेमला. त्याला तितकेच खाद्य, तितकीच प्रथिने, तितकीच जीवनसत्त्वे. फक्त अल्कोहोलच्या जागी तेवढ्याच उष्मांकाचे कर्बोदक. पोषणात कोठेही उणीव नसताना दारू घेणाऱ्यांच्या यकृतात चरबी साठली, जोडीदारांच्या यकृतात तशी साठली नाही. खाद्यातील चरबी जास्त असली की यकृतातील साठाही वाढत असे, हे मटणावर ताव मारत पिणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

उंदरांत सहसा सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कठीण होण्यापर्यंत, मजल जात नाही, म्हणून पुढे बबून माकडांवर काम झाले. रुबिन आणि लीबर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माकडांना निम्मे उष्मांक अल्कोहोलमधून आणि बाकी पूरक आहार मिळत होता. त्यांच्या यकृतात चरबी आली, काहींत दाह झाला आणि काहींच्या यकृताचा सिरॉसिस झाला. त्या मुक्या प्राण्यांनी जे सोसले ते वाचताना मला आजही अस्वस्थ होते, आणि इतके होऊनही आपण जुनेच वाक्य छापतो याचे अधिक वाईट वाटते.

हे का घडते, ते चयापचयात आहे. १८० मिलीलिटरच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते. शरीराला ते साठवता येत नाही, आणि यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच हाताळते. म्हणजे एका क्वार्टरसाठी त्याला सहा ते साडेआठ तास राबावे लागते. अल्कोहोलचे आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य आणि मग ॲसिटेट होताना पेशीतील एनएडी हे सहविकर (रासायनिक क्रियांना मदत करणारा रेणू) झपाट्याने एनएडीएच या रूपात बदलते. चरबी जाळण्यासाठी आणि नवी साखर तयार करण्यासाठी मोकळे एनएडी लागते. ते नसल्यामुळे जेवणातून आलेली चरबी जळत नाही, उलट नवी चरबी तयार होते, लॅक्टेट वाढते आणि उपाशी माणसाच्या रक्तातील साखर घसरते. यकृतातील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठाही आटतो. जेवणाने दारू रक्तात सावकाश उतरते, एवढे खरे. परंतु जितकी प्याली तितकी सगळी शेवटी यकृतालाच निस्तरावी लागते.

औषधांच्या दुकानातून 'लिव्हर टॉनिक' आणून मनाची समजूत घालणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. खाद्यात अ जीवनसत्त्व पुरेसे असूनही त्या माकडांच्या यकृतातील त्याचा साठा खूप घटला होता. मात्र दारूबरोबर ते जादा दिले तेव्हा उंदरांच्या यकृताला अधिकच इजा झाली. दुसरी गोष्ट सोयाबीनपासून काढलेल्या लेसिथिन या स्निग्ध पदार्थाची. माकडांत त्याने यकृतातील तंतूंची वाढ रोखली, पण ७८९ माजी सैनिकांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले, त्याचा लाभ दिसला नाही.

माझे थोरले दीर तालमीत वाढले. दोन माणसांचे जेवण एकटे जेवत आणि त्याच भरवशावर रोज पीत. पोटाला पाणी झाले तेव्हा घरात एकच प्रश्न होता, 'एवढ्या खाणाऱ्या माणसाला हे कसं झालं?' मग आम्ही दुसरी चूक केली. कावीळ म्हणून डाळ, दूध, अंडी सगळे बंद करून त्यांना पेजेवर ठेवले, आणि चार महिन्यांत त्या मांड्या काठीसारख्या झाल्या. सिरॉसिस झालेल्या यकृतात ग्लायकोजेनचा साठा फार कमी उरतो. त्यामुळे निरोगी माणसाच्या शरीराची जी स्थिती दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर होते, ती अशा रुग्णात एका रात्रीत होते आणि साखरेसाठी स्नायू मोडले जातात. म्हणून आज तज्ज्ञ अशा रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने देण्यास आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खायला घालण्यास सांगतात. हे आम्हाला फार उशिरा कळले, मी या विषयाची शिक्षिका असूनही.

केवळ चरबीच्या टप्प्यावर असलेले यकृत दारू पूर्ण सोडल्यास बहुधा काही आठवड्यांतच सुधारते. लेखात याचा उल्लेखही नाही. त्या विधानाची दुरुस्ती पुढील पुरवणीत, लेख आला होता त्याच पानावर छापावी आणि तिच्यासोबत ही माहितीही द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर