ट्रॅप कॅमेरा परत बाहेर काढ

जि. गोंदिया
कार्तिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. नाल्यात बिबट्याचे ताजे पगमार्क, म्हणजे पंजाचे ठसे, असूनही मे महिन्यात फोटो मिळाले नाहीत, म्हणून तू ट्रॅप कॅमेरा, जनावर पुढून गेलं की आपोआप फोटो काढणारा, खोक्यात ठेवून दिलास. हे काही पटलं नाही बघ. कॅमेऱ्याचा दोष नाही रे, आपला उन्हाळाच तसा. त्यातल्या सेन्सरला जनावर दिसत नसतं. जनावराचं अंग आणि मागची जमीन यांच्या उष्णतेत फरक असला आणि जनावर हललं, तरच कॅमेरा चालतो. पारा ४५ ला टेकला की दगड-माती उशिरापर्यंत तापलेलीच राहते, मग फरक कुठून कळणार? आता रात्री गार पडायला लागल्यात. हेच दिवस आहेत.

पायवाट नाल्यातून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढते तिथं लाव, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तोंड उत्तरेला. वाटेच्या रेषेत सरळ रोखू नकोस. जनावर समोरून आडवं गेलं की सेन्सर लवकर पकडतो. पुढचं गवत मात्र उपटून काढ. उन्हानं तापलेलं पातं वाऱ्यावर हललं तरी फोटो निघतो, आणि कार्ड गवतानंच भरून जातं.

माझ्या धुऱ्यावर काय आलं माहीत आहे? खवल्या मांजर! पुढच्या पायांची लांब नखं आत दुमडून, मुठी टेकवत चाललेलं. अंगावरचा एकेक खवला मोजता यावा इतका स्पष्ट. फोटोच्या खालच्या पट्टीवर वेळ रात्रीचे दोन आणि चंद्राची कोर. बाबांचा जन्म या धानाच्या बांध्यांत गेला, त्यांनीही ते कधी पाहिलं नव्हतं. वारूळ हेही उकरतं, पण उकरलेलं दिसलं की आम्ही सगळे अस्वलाचंच नाव घ्यायचो.

तो फोटो मी कुठल्याच ग्रुपवर टाकलेला नाही. तुलाही घरी आलास की दाखवीन. खवल्यांपायी या जिवाची शिकार होते, आणि मादीला एका वेळी बहुतेक एकच पिल्लू होतं. जागेचा पत्ता फिरला की संपलंच. तुझ्याकडे काही आलं तर तूही जागा सांगू नकोस, अगदी कौतुकानं विचारणाऱ्यालाही नाही.

आणखी एक. तुमच्या नाल्याकडं बायाबापड्या पहाटे जातात, मोहाच्या दिवसांत तर अंधारातच. कॅमेरा कुठं आहे ते त्यांना आधी सांग. तरी कोणाचा फोटो आलाच, तर न दाखवता पुसून टाक. आणि तुझ्या शेताची हद्द सोडू नकोस; जंगलात लावायचा तर आधी वनविभागाची परवानगी हवी.

काकूंना नमस्कार सांग. धानाची मळणी उरकली की ये, दोघं मिळून नाला फिरू.

तुझा,
मित्र