कोपरखैरण्याच्या काकांना, चार्जरसाठी मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. फोनवर थँक्यू बोलले होते पण तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून फोन ठेवून दिलात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, माझे डबे असतात. घणसोलीहून महापे एमआयडीसीत रोज ३२ डबे, सगळे इलेक्ट्रिक स्कूटरवर. मागच्या आठवड्यात रात्री चार्जर लावला तर लाईट नुसता लुकलुक करतोय आणि आतून टिक टिक टिक आवाज, सकाळी बघते तर चार्जिंग होतं तिथंच. दोन दिवस रिक्षाने डबे पोचवले, सुटायचे तेवढे पैसे भाड्यातच गेले. गाडी जिथून घेतली तिथे नेली तर चार्जर न उघडताच सांगितलं, बॅटरी गेली, नवीन टाका. आकडा ऐकून मला रडूच आलं, कारण तेवढे पैसे नव्हतेच हो.

मग तुमच्याकडे आले. तुम्ही आधी मीटर काढलात आणि बॅटरीला लावलात, ४६.८ व्होल्ट. मग हिशोब मलाच करायला लावलात, आत १३ सेल एकापुढे एक जोडलेले, फुल झाल्यावर एकेक ४.२ चा म्हणजे ५४.६, आणि आत्ता सरासरी ३.६ येतायत, मग ही मेलेली कशी? त्या एका वाक्याने किती बरं वाटलं तुम्हाला कल्पना नाही. नंतर चार्जरच्या पिनला मीटर लावला तर आकडा वर जातोय खाली येतोय, ५४.६ वर थांबतच नाही.

चार्जर उघडल्यावर मला हात लावू दिला नाहीत ते पण लक्षात आहे. प्लगमधला २३० व्होल्टचा एसी करंट आत गेला की त्याचा ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी होतो आणि प्लग काढला तरी तो मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या पार्टमध्ये, बसून राहतो, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तुम्ही आधी बल्ब लावून तो उतरवलात, मीटरवर शून्य दाखवलंत, मगच हात घातलात. मग सिरीजमध्ये, म्हणजे करंट बल्बमधूनच चार्जरला जाईल असा, १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून चालू केलं, बल्ब एकदा भपकन पेटून मंद झाला आणि तुम्ही म्हणालात चला, मॉस्फेट, म्हणजे आतला करंट चालू-बंद करणारा पार्ट, शॉर्ट नाही, पूर्ण पेटलेला राहिला असता तर काम वाढलं असतं.

आणि शेवटी सापडलं काय, तर आयसीला, म्हणजे चार्जर चालवणाऱ्या चिपला, सप्लाय देणारा करंगळीच्या नखाएवढा कपॅसिटर! ४७ मायक्रोफॅरडचा, आणि मीटरवर ६ पण दाखवेना. फुगलेला नव्हता, गळलेला नव्हता, नुसता बघून कोणाला कळलं नसतं. आयसी चालू व्हायचा, सप्लाय कमी पडला की बंद, परत चालू, तीच ती टिकटिक. पार्ट दहा रुपयांचा पण नाही, आणि मला अख्खी बॅटरी बदलायला सांगत होते.

दुसरं कोणी असतं तर तेवढंच बदलून दिलं असतं. तुम्ही विचारलंत, हा एवढ्या लवकर सुकला कशाने? फॅन बोटाने फिरवून बघितलात तर जाम, तेल आणि पिठाचा थर बसलेला. मी चार्जर गॅसच्या बाजूच्या प्लगला लावायचे ना, डब्यांचं सगळं तिथेच असतं. फॅन बंद, आत भट्टी, त्यात तो कपॅसिटर तापणाऱ्या रेझिस्टरला चिकटून. तुम्ही १०५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारा टाकलात, थोडा लांब वाकवून बसवलात, फॅन नवा लावलात. आता चार्जर बाहेरच्या पॅसेजमध्ये खाली लादीवर असतो, वर काही ठेवत नाही, मुलांना पण सांगून ठेवलंय.

त्या रात्री लाल लाईट लागला, फॅनचा आवाज आला आणि पहाटे पाचला भाजी चिरायला उठले तर हिरवा. मीटरवर ५४.५. मी देवाजवळ दिवा लावला काका, खरंच.

पैसे तुम्ही पार्टचेच घेतलेत, ते मला अजून लागतंय, निदान काकूंना गुडघ्याचा त्रास आहे तोवर दुपारचे दोन डबे माझ्याकडून येणार, नाही म्हणू नका. आणि एक, कळव्याच्या नणंदेला पण बॅटरी बदला असंच सांगितलंय. मी तिला आधी बॅटरी मोजायला लावली, ४७.२ येतायत. रविवारी दुपारी तिचा चार्जर घेऊन आलो तर चालेल ना?